क्षिप्रा तपासली, आता गोदावरीही तपासा

करोनाच्या साथीत मध्य प्रदेशातल्या उज्जैनच्या माधवनगरातलं सरकारी रुग्णालय करोना रुग्णालय झालं. त्या दिवसांत देशभर घरोघरी एक औषध पोचलं होतं: अ‍ॅझिथ्रोमायसिन. करोना विषाणूमुळे होतो आणि हे औषध जिवाणूंवरचं. तरी ते सर्रास दिलं गेलं. २०२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी स्पष्ट केलं, की करोनाच्या रुग्णांना त्याचा फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या करोनाग्रस्तांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना प्रतिजैविकं मिळाली. गरज होती जेमतेम ८ टक्क्यांना.

एवढी औषधं गेली कुठे? बराच भाग गटारात. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची गोळी घेतली, की तिचा जवळपास निम्मा अंश लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो.

हा प्रवास उज्जैनमध्येच मोजला गेला आहे, तोही साथीच्या दहा वर्षं आधी. तिथलं आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये शहरातल्या एका रुग्णालयाच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात येणाऱ्या पाण्यात प्रतिजैविकं नव्हती, बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात होती. पुढे उज्जैनच्या क्षिप्रा नदीचं पाणी आणि तळाचा गाळ वेगवेगळ्या ऋतूंत तपासला गेला. त्यात सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक सापडलं आणि औषधांना दाद न देणारे ई-कोलाय जिवाणूही.

हे संशोधन परदेशी नियतकालिकांत छापून आलं. ज्या घाटांवर लाखो माणसं बुडी मारतात, तिथे त्यातलं एक वाक्यही लावलेलं दिसत नाही, ही खरी खंत आहे.

औषधांना दाद न देणाऱ्या अशा जिवाणूंची किंमत आधी मोजतात ते जुनाट आजारांचे रुग्ण. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि जंतू औषधाला जुमानेनासे झाले, तर बोट, मग पाऊल कापायची वेळ येते. आणि इकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी न बघता, पट्टी कात्रीने कापून प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या हातावर ठेवल्या जातात. अनेक प्रतिजैविकं ज्यात येतात, त्या ‘एच-१’ अनुसूचीतल्या औषधांसाठी चिठ्ठी आणि नोंदवही २०१४ पासून सक्तीची आहे. केरळने २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ मोहीम काढून दुकानांची अचानक तपासणी सुरू केली. महाराष्ट्राला आणि मध्य प्रदेशाला ते जमू नये असं काहीच नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाच्या दाराशीही आला आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं २०२७ मध्ये, उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये. रस्ते, पूल, तंबू यांवर पैसा ओतला जाईलच. त्याच खर्चात रुग्णालयांच्या सांडपाण्याची आणि नाशिकला गोदावरीवरच्या रामकुंडाच्या पाण्याची प्रतिजैविकांसाठी तपासणी बसायला हवी: पर्वणीच्या आधी, पर्वणीत आणि नंतर. साधनं आपल्याकडे आहेत. साथीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातून करोनाचा माग काढला होताच. नागपूरला ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. नाशिक महापालिकेने पहिले नमुने या वर्षीच घ्यावेत आणि निष्कर्ष मराठीत, घाटावरच्या फलकावर लावावेत.