संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वी आणि बसवताना



या सदरात आपण पंप, फवारणी यंत्र, ठिबकची गाळणी यांच्याविषयी बोलत असतो. या वेळचे यंत्र घरातले आहे. एका भगिनीने पत्रातून विचारले आहे की, त्यांची मुलगी सिव्हिल डिप्लोमाला आहे आणि घरचा संगणक नकाशे काढताना अडकतो. दुकानदार म्हणतो नवा संगणक घ्या, भाचा म्हणतो नुसते ग्राफिक्स कार्ड टाकले की काम होईल. हातात सोयाबीनचे पैसे आहेत, पण त्यातूनच हरभऱ्याचे बियाणे आणि खत घ्यायचे आहे. अशा वेळी पैसा चुकीच्या जागी गेला तर हंगामावर येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्ड म्हणजे काय ते आधी पाहू. पडद्यावरचे चित्र तयार करायला संगणकात वेगळा भाग लागतो. बहुतेक साध्या संगणकांत तो प्रोसेसरमध्येच असतो. सातबारा काढणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, मुलांचे ऑनलाइन वर्ग, टायपिंग, हिशेब यांना तेवढा पुरतो. यासाठी कोणी कार्ड विकत असेल तर सरळ नाही म्हणा. व्हिडिओ जुळवणे, घराचे किंवा यंत्राचे त्रिमितीय आराखडे, ड्रोनच्या फोटोंवरून शेताचा नकाशा बनवणे आणि भारी खेळ, एवढ्यांनाच वेगळे कार्ड लागते.

ताई, आधी अडचण कुठे आहे ते मुलीला पाहायला सांगा. नकाशाचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी भरून गेलेली दिसली, किंवा डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोष कार्डाचा नाही. तुम्ही लिहिता की मेमरी ४ जीबी आहे आणि हार्ड डिस्क जुनी फिरती आहे. मग विहिरीलाच पाणी नसताना मोठी मोटर बसवून काय उपयोग? आधी मेमरी वाढवा आणि एसएसडी टाका. नकाशाच्या कामाला ८ जीबी ही खालची पायरी समजा, १६ असेल तर बरे. एवढे करून साध्या सपाट नकाशांचे काम बहुधा सुरळीत होईल. त्यानंतरही त्रिमितीय चित्र फिरवताना अडकले आणि त्याच तक्त्यात जीपीयूची रेघ वर टेकलेली दिसली, तर मात्र कार्डाचा विचार करा.

आता वीज, कारण खरी गफलत इथेच होते. मोटर पाचची आणि केबल तीनची असली की काय होते हे तुम्हांला मी सांगायला नको. ज्या डब्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, त्याच्या आत मागच्या बाजूला एसएमपीएस नावाची पेटी असते. तिच्यावरचा कागद वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. समजा १६ अँपिअर लिहिले आहे, तर १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर ६५ घेणार, कार्ड ७५ घेणार, बोर्ड, पंखे, डिस्क यांचे मिळून ४० धरा. झाले १८०. शिल्लक १२ वॅट, तीही कागदावर. स्वस्त एसएमपीएस कागदावरचे आकडेही पुरे करीलच असे नाही. अशा पेटीवर ७५ वॅटचे कार्ड लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ३० वॅटचे चालेल.

कार्ड ज्या खाचेत बसते ती पीसीआय एक्स्प्रेसची लांब खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लावावी लागते. सहा टोकांची वायर ७५ वॅटची, आठ टोकांची १५० ची. तुमच्या पेटीला अशी वायरच नसेल तर ती पेटी त्या कार्डासाठी नाही एवढे समजून घ्या. डिस्कच्या वायरीला जोड देऊन काम भागवतो असे कोणी म्हणाले तर करू देऊ नका. त्या जोडातले प्लास्टिक वितळते. घरात पाच-सातशे रुपयांची बचत आणि रात्री जळका वास, हा सौदा परवडत नाही.

कचेरीतून निघालेले बारके, आडवे संगणक आज गावोगाव आले आहेत. स्वस्त आणि टिकाऊ आहेत, माझी काही तक्रार नाही. पण त्यांत कार्ड अर्ध्या उंचीचेच बसते आणि एसएमपीएस वेगळ्याच मापाचा असतो, बाजारातला सहसा बसत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वायर न लागणारे कार्डच घ्यावे. एनव्हिडियाचे जीटी १०३० सुमारे ३० वॅट घेते. जीटीएक्स १६५० ची काही कार्डे ७५ वॅटची आहेत. २०२४ साली आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीवाले कार्ड ७० वॅटचे आहे. तिन्ही अर्ध्या उंचीत मिळतात, मात्र मागताना तसे बजावून सांगावे लागते. जीटी १०३० घेताना आणखी एक पाहा : त्याच नावाखाली डीडीआर४ आणि जीडीडीआर५ अशी दोन कार्डे विकली जातात आणि डीडीआर४ चे बरेच मंद आहे.

पडद्याची वायरही आधी पाहून ठेवा. जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची, पंधरा काड्यांची व्हीजीए वायर असते. नव्या कार्डांना ते भोकच नसते. मग एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा जोड आणावा लागतो. कार्ड आणले, जोड नाही, म्हणून पुन्हा एस.टी.ने तालुक्याला जाणारे मी पाहिले आहेत.

सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळते ते का, हेही सांगतो. इथेरियम या आभासी चलनाची 'खाण' अशा कार्डांवर रात्रंदिवस चालत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि वापरून झालेली कार्डे ढिगाने बाजारात आली. सगळीच वाईट असतात असे नाही, पण पंखे झिजलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकणारे. जीपीयू-झेड नावाचा छोटा, फुकटचा प्रोग्राम दुकानातच चालवून पाहा. अशी बरीच बनावट कार्डे तो ओळखतो आणि तसे लिहून दाखवतो.

आता बसवणे. हे काम सोपे आहे, घाई मात्र नको. संगणक बंद करून भिंतीतली पिन काढा. त्यानंतर चालू करायचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज उतरते. डबा लाकडी टेबलावर आडवा ठेवा. गोधडीवर किंवा सतरंजीवर नको. डब्याच्या रंग न दिलेल्या लोखंडाला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. थंडीच्या कोरड्या हवेत अंगावरच्या विजेची बारीक ठिणगी कार्डाला पुरते. एवी धूळ झटकून घ्यायचीच असते, ती आताच मऊ ब्रशने काढा.

मागची पत्र्याची पट्टी स्क्रू काढून बाजूला करा. रुंद कार्डाला अशा दोन काढाव्या लागतात. अर्ध्या उंचीच्या कार्डासोबत खोक्यात छोटी पट्टी असते, ती आधी बदलून घ्या. लांब खाचेच्या टोकाचा खटका खाली करा, कार्ड कडेला धरून सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. टक् असा आवाज येतो. सोनेरी कडा बाहेर दिसत असेल तर ते नीट बसलेले नाही. स्क्रू आवळा, वायर असेल तर लावा. प्रोसेसरची आठ टोकांची वायर दिसायला कार्डाच्या वायरीसारखीच असते. सहज जात नसेल तर जोर करू नका.

मॉनिटरची वायर आता कार्डाच्या भोकात लावायची, जुन्या जागी नाही. 'कार्ड बसवले पण फरक नाही' किंवा 'पडदा काळाच आहे' या तक्रारींत निम्म्या वेळा वायर जुन्या जागीच सापडते. पहिल्यांदा अक्षरे मोठी आणि चित्र ओबडधोबड दिसले तर घाबरू नका. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेतला की ठीक होते. बायॉस बदलायला कोणी सांगितले तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय करू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचे अर्थिंग गेलेले आहे असे समजा. आपल्याकडे तिसरी पिन पुष्कळदा शोभेपुरतीच असते. वायरमनकडून तपासून घ्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. कार्ड असो वा नसो, हे काम याच आठवड्यात करा.

ताई, एक शेवटचे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा पाचव्या-सहाव्या पिढीच्या यंत्रावर महागडे कार्ड नको. मेमरी आणि एसएसडी एवढ्यावर मुलीचे हे वर्ष काढा आणि हरभऱ्याचे पैसे हरभऱ्यालाच ठेवा. पुढे यंत्र बदलाल तेव्हा एसएसडी त्यातही लागेल.