रंधा शिकवला, पाते कोण शिकवणार?

पीएम विश्वकर्मा योजनेने 2023 पासून सुतारासह 18 पारंपरिक व्यवसायांना 5 ते 7 दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपये देऊ केले. मदत चांगलीच, पण अवजार हाती देणे वेगळे आणि ते जपून चालवायला शिकवणे वेगळे. फ्लॅटमधल्या फर्निचरच्या कामावर आज रंधा-पटाशीपेक्षा कटर आणि ग्राइंडरच जास्त फिरतात. ग्राइंडरचे पाते मिनिटाला 10,000हून अधिक फेरे घेते. त्यावरचा गार्ड ‘मध्ये येतो’ म्हणून काढला की लाकडातली एक गाठही बोट घेऊन जाऊ शकते. लाकडाची बारीक धूळ तर कुणी मोजतच नाही, जरी ती कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले आहे.

‘रीतसर प्रशिक्षण कशाला, सुतारकी बघून बघूनच येते’, हा आक्षेप हातकरवतीच्या काळात खरा होता. वाकस चुकला तर हात मागे घ्यायला क्षण मिळे, यंत्र तो देत नाही. कामावर शिकाऊ उमेदवार ठेवून शिकवण्याच्या खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची सक्ती 30 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर आहे. चार-पाच कारागिरांच्या मिस्त्रीला फक्त मुभा. मात्र केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा एक चतुर्थांश वाटा, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकार उचलते. जवळच्या आयटीआयने दहा-बारा मिस्त्र्यांची नोंदणी एकत्र करून कागदपत्रांचे ओझे स्वतःकडे घेतले, तर हा वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचेल. गार्ड, चष्मा आणि मास्कची तपासणी मात्र वर्गात नको, चालू कामाच्या जागीच हवी.