पार्सल पाठवा, पण विचारून

तुमच्या घरातलं कुणी सायकलवर लांब निघालं असेल, श्रीनगरहून कन्याकुमारीला, मनालीहून लेहला किंवा नर्मदा परिक्रमेला, तर त्याला वाटेत एखादं पार्सल जरूर पाठवा. फोन रोज होतो. पण परक्या गावात घरची सुतळी बांधलेली पुडी हातात पडते, तेव्हा दिवसभर उन्हात पायडल मारलेल्या माणसाला काय वाटतं, ते मी माझ्या लेकीच्या आवाजात ऐकलं आहे. माझं सांगणं एवढंच की आधी त्याला विचारा, आणि पार्सल हलकं ठेवा.

हे मला चार किलोच्या एका खोक्यानं शिकवलं. लेक ऑक्टोबरच्या मध्याला श्रीनगरहून एकटी निघाली होती. राष्ट्रीय महामार्ग 44 धरून थेट कन्याकुमारी, सुमारे 3,700 किलोमीटर. दिवाळीत ती दिल्लीत असणार म्हणून मी फराळ पाठवला. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू, चिवडा, वर एक शाल आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. पत्ता दिला ओळखीच्यांच्या ओळखीतल्या एका घराचा. ते कुटुंब दिवाळीला गावी गेलेलं, दाराला कुलूप. पोस्टमन परत गेला, आणि ते पार्सल पोस्टातून सोडवण्यात तिचे दोन दिवस गेले. उघडलं तर चकल्यांचा चुरा, बाटली फुटून शाल चिकट झालेली. तिनं लाडू खाल्ले, थोडे बरोबर घेतले, बाकी सगळं लॉजवरच्या पोरांना वाटलं. मला म्हणाली, "आई, सगळं छान होतं गं, पण पिशवीत मूठभर जागा नाही."

घरात आपण चार किलोची पिशवी सहज उचलतो. तीच पिशवी समोरच्या वाऱ्यात रोज 80 किलोमीटर ओढायची, म्हणजे काय होत असेल? कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या तिच्या पिशव्यांत तंबू, झोपायची पिशवी, हत्यारं, कपडे असं सगळं मापून बसवलेलं असतं. म्हणून पाठवायचं ते दोनच प्रकारचं. एक तर त्या दिवशी खाऊन संपेल असं, नाहीतर वाटेत मिळत नाही असं.

वाटेत काय मिळत नाही, हे आपल्याला घरी बसून कळत नाही. पंक्चरचं सामान गावोगाव मिळतं. पण लांबच्या प्रवासाच्या सायकलींना बहुधा बारीक तोंडाच्या, प्रेस्टा व्हॉल्व्हच्या ट्यूब लागतात, आणि लहान गावातल्या दुकानात त्या सहसा नसतात. टायरच्या कडेला आकडे कोरलेले असतात, 700 बाय 32 असे काहीतरी. तेच आकडे मागवून घ्या आणि दुकानदाराला दाखवा. ब्रेकपॅडचंही तसंच, त्याच मॉडेलचे हवेत. बैठकीला काचलं की लावायचं मलम ज्याला जे चालतं तेच पाठवा. जे सांगायला मुलं लाजतात ते आपणहून विचारावं.

खाण्यात ओल्या नारळाचं काही नको, लगेच खवट होतं. पाझरणारं, मोडणारं नको. गूळपापडीच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की, बिया काढलेला खजूर चांगला टिकतो आणि चालत्या सायकलवर तोंडात टाकता येतो. आणि मेतकूट! शंभर ग्रॅमची पुडी खूप झाली. ढाब्यावर गरम भात आणि दही कुठंही मिळतं, त्यावर चमचाभर मेतकूट पडलं की जेवण घरचं होतं. पॉवर बँक, लायटर, गॅसचे डबे, हवा भरायच्या गॅसच्या नळ्या पार्सलात घालू नका. हवाई टपालात या वस्तू धोकादायक ठरतात आणि सगळं पार्सलच अडकतं.

आता पत्ता. नातेवाईक पक्के घरी असतील तर उत्तम, पण त्यांच्याशी स्वतः बोला, निरोपावर विसंबू नका. दुसरी सोय पोस्टातच आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. पाकिटावर नाव, त्याखाली 'पोस्ट रेस्टांट', मग मुख्य पोस्टाचं नाव, गाव आणि पिनकोड लिहायचा. पोस्टमन ते घरोघरी नेत नाही, पोस्टातच ठेवतात, आणि ज्याचं त्यानं ओळखपत्र दाखवून घ्यायचं. नेहमी शहराचं मुख्य पोस्ट निवडा. लहान पोस्टात ही पद्धत नव्या माणसाला ठाऊक नसते. आधी फोन करून पोस्टमास्तरांना सांगा आणि किती दिवस ठेवतील तेही विचारा, कारण मुदत संपली की पार्सल परत फिरतं. खाजगी कुरिअर या पत्त्याला चालत नाही, स्पीड पोस्टच करा आणि पावतीवरच्या क्रमांकाचा फोटो ज्याचं पार्सल त्याला पाठवा.

नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. लेकीला पुढे नागपूरला दुसरं पार्सल पाठवलं, त्यावर मी आधी घरातलं हाकेचं नाव लिहिलं होतं. नवऱ्यानं वेळेत पाहिलं म्हणून वाचलं.

पिनकोडही नीट बघून लिहा. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखली आपल्या मराठी माणसानं, संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. लेकीच्या वाटेवर मला या पद्धतीची गंमत कळली. जम्मू-काश्मीर, पंजाब, हरयाणा, दिल्लीचे पिन 1 ने सुरू होतात, मथुरा-आग्र्याचे 2 ने, राजस्थानातलं धौलपूर 3 ने, ग्वाल्हेर 4 ने. मध्ये झाशी-ललितपूरला परत 2, मग सागरपासून नागपूरपर्यंत 4, तेलंगणापासून बंगळुरूपर्यंत 5 आणि तमिळनाडूत 6. भिंतीवर नकाशा लावून मी रोज त्यावर बोट ठेवत होते.

दिवसांचा हिशोब उलटा धरा. स्पीड पोस्टाला लागणारे दिवस मोजा, त्यात रविवार आणि सण मिळवा, वर तीन-चार दिवस ठेवा. दिल्ली ते नागपूर साधारण 1,100 किलोमीटर, म्हणजे तिच्या वेगानं विसाव्यासकट सोळा-सतरा दिवस. ती ग्वाल्हेरला पोहोचली तेव्हा मी पार्सल टाकलं. पार्सलानं तिची वाट पाहिलेली चालते, तिनं पार्सलाची पाहू नये. लेहच्या बाजूला तर केलाँग सोडलं की लेहपर्यंत भरवसा नाही, या दोन गावांपैकी एक ठरवा. परिक्रमेला ओंकारेश्वर किंवा महेश्वर बरं.

नागपूरचं पार्सल 700 ग्रॅमचं झालं. दोन ट्यूब, ब्रेकपॅडची जोडी, मलम, वड्या, मेतकूट. आणि एक रिकामी जाड कापडी पिशवी, तिच्यावर आमचा पत्ता शिवलेला, सोबत सुई-दोरा. हे मात्र नक्की करा. काश्मीरसाठी घेतलेलं जाकीट, हातमोजे, लोकरीचे पायमोजे नागपूरच्या खाली नुसतं ओझं असतं. तिनं पोस्टाच्या काउंटरशेजारच्या बाकावर बसून ते सगळं पिशवीत भरलं, तोंड शिवलं आणि तिथूनच घरी पाठवलं. जवळजवळ दोन किलो कमी झालं. कन्याकुमारीहून उत्तरेकडे निघालेल्याला हेच गरम कपडे पुढे दिल्लीला पाठवता येतील.

पार्सलात एक चिठ्ठी हातानं लिहा. काळजीची नको, ती फोनवर रोज पोहोचते. अंगणातल्या जास्वंदीला कळ्या आल्या, आजोबांनी चष्मा बदलला, मांजरीला तीन पिल्लं झाली, असलं लिहा. मी आमचा पत्ता घातलेली चार कोरी पोस्टकार्डंही ठेवली होती. पहिली तीन आली नाहीत, ती लिहायची राहिली असतील म्हणून मी विचारलं नाही. चौथं कृष्णगिरीहून आलं. त्यावर दोनच ओळी होत्या. "आई, मेतकूट काल संपलं. पुढच्या वेळी दोनशे ग्रॅम दे, तेवढं मी ओढेन." ते माझ्या हाती पडलं तेव्हा ती कन्याकुमारीला पोहोचलीही होती.