फळीवरच्या घड्याळाचे वय



या सदरात एरवी बियाणे, खते आणि किडी यांविषयी बोलणे होते. आज विषय थोडा वेगळा आहे.

मागे सोनपेठला एका शेतकऱ्याच्या कपाशीत कामगंध सापळे लावून आम्ही त्यांच्या घरी चहाला टेकलो. जुने माळवदाचे घर. ढेळजेतल्या फळीवर एक लाकडी टोल्याचे घड्याळ होते. ते म्हणाले, "साहेब, जुन्या वस्तू घेणारा माणूस येऊन गेला. दीड हजार देतो म्हणतो. फार जुनं नाही, असंही म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?" आजोबांनी आणलेले, यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नव्हते.

विलायतेत घर गरम ठेवण्यासाठी भिंतीत शेकोटी असे आणि तिच्यावरच्या फळीवर असले घड्याळ ठेवीत. आपल्याकडे तशी शेकोटी नाही. म्हणून ते देवळीत, कोनाड्यात, नाहीतर साध्या फळीवर बसले. निरनिराळ्या गावांत मी अशी घड्याळे पाहिली आहेत. काही चालू, काही बंद, काही माळ्यावर पडलेली.

ते विकावे की ठेवावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. अडीअडचण कोणाला चुकली आहे? पण कापसाची प्रत न पाहता केवळ व्यापारी म्हणतो म्हणून आपण भाव मान्य करीत नाही. तोच नियम येथे लावा. घड्याळाचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचायचे कसे, एवढेच सांगतो.

प्रथम घड्याळ खाली उतरवा. लंबक काढून ठेवा आणि मागचे छोटे दार उघडा. बॅटरीच्या उजेडात यंत्राच्या पितळी पत्र्यावर काही छाप दिसतो का ते पाहा. आठ टोकांचा तारा आणि त्यात इंग्रजी 'जे' असेल, तर घड्याळ जर्मनीतील युंगहान्स कंपनीचे. ही कंपनी श्रामबर्ग गावी १८६१ साली निघाली. एकमेकांना छेदणारे दोन बाण असतील, तर ते त्याच गावच्या हॅम्बर्ग-अमेरिकन कंपनीचे. अमेरिकेतील ॲन्सोनिया आणि सेथ थॉमस यांचीही घड्याळे आपल्याकडे आढळतात.

युंगहान्सच्या पुष्कळ यंत्रांवर एक अक्षर आणि दोन आकडे ठोकलेले असतात. 'ए' म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग, 'बी' म्हणजे दुसरा. सोनपेठच्या त्या घड्याळावर तारा होता आणि खाली 'बी ०९' असे होते. म्हणजे यंत्र १९०९ सालच्या उत्तरार्धातले. "फार जुनं नाही" म्हणणाऱ्याचे बोलणे तेथेच खोटे ठरले!

सेथ थॉमसची तऱ्हा आणखी गमतीची. पेटीच्या तळाशी शाईने साल उलटे छापलेले आणि पुढे महिन्याचे अक्षर. '७९८१ सी' असे दिसले तर साल उलटीकडून वाचायचे. १८९७, आणि 'सी' हे तिसरे अक्षर म्हणून महिना मार्च.

एक सावधगिरी बाळगा. यंत्रावर किंवा कागदावर 'पेटंट' शब्दापुढे साल असेल, तर ते घड्याळाचे जन्मसाल नव्हे. त्या कल्पनेची नोंदणी त्या साली झाली, इतकाच त्याचा अर्थ. घड्याळ त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेले असू शकते. 'वेस्ट जर्मनी' असे छापलेले असेल तर ते १९४९ नंतरचे, कारण तो देशच त्या साली झाला. पेटीला फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर पेटी १९३० नंतरची, किंवा मागाहून दुरुस्त केलेली.

आता सर्वांत महत्त्वाचे. दाराच्या आत चिकटवलेला कागद आणि त्याच्या आसपास पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी पाहा. दुरुस्ती करणारे कारागीर तेथे तारीख टाकीत. सोनपेठच्या घड्याळात उर्दूत एक ओळ होती. उर्दू शाळेतल्या गुरुजींनी ती वाचून दाखवली: तेल दिले, १३५१ फसली. निजामाच्या राज्यात कारभार फसली सनावर चाले. जुन्या जमिनीच्या कागदांवर तुम्ही तो पाहिला असेल. त्यात ५९० मिळवा. १९४१-४२ साल आले. ते ऐकून घरची आजी म्हणाली, "म्हणजे मामंजींच्या हयातीतलंच की!" बाजारात त्या ओळीला फारशी किंमत नसेल, पण त्या घराला ती होती.

हे मी आवर्जून का सांगतो? आमच्याही घरी असे घड्याळ होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मीच ते ओल्या फडक्याने आतून पुसले. कागदाचा लगदा होऊन हातात आला. त्यावर काय लिहिले होते, ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून आधी फोटो काढा, मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. नवे पॉलिश मारू नका. काळ्या, दगडासारख्या दिसणाऱ्या पेटीला स्पिरिट लावू नका. तो पातळ सेल्युलॉइडचा थर असू शकतो आणि तो स्पिरिटने खराब होतो. जुने यंत्र काढून सेलचे बसवू नका. यंत्राचे पत्रे स्वतः उघडू नका. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटे फोडते. लाकडाला भोके दिसली तर खाली कोरा कागद अंथरून आठवडाभर थांबा. ताजा भुसा पडला तरच कीड जिवंत आहे असे समजा.

जुने म्हणजे लाखमोलाचे, असेही समजू नका. ही घड्याळे कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघाली. मात्र शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असू द्या.

सोनपेठच्या त्या दोघा भावांचे विकण्याबाबत अजून ठरलेले नाही. धाकट्याला मुलीच्या फीची निकड आहे, थोरल्याचे मन होत नाही. पण आता विकले तरी ते १९०९ चे म्हणून विकले जाईल, आणि पेन्सिलीच्या त्या ओळीचा फोटो घरात राहील.

तुमच्या माळ्यावर एखादे असेल तर पावसाच्या उघडिपीत खाली काढा. पुढील अंकी पुन्हा कपाशीकडे वळू.