महानायकांचा खेळ आणि टंचाचा प्रश्न

वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला की खानदेशातील दुपार बंद दाराआड जाते. पूर्वी अशा दुपारी घरोघर पत्ते नाही तर सोंगट्या निघत. आता घरातला मुलगा कोपरा धरून मोबाइलवर खेळत बसतो, आणि वडीलधाऱ्यांचा त्यावरील निकालही ठरलेला असतो : हा नवा जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केल्यापासून तर या मताला सरकारी शिक्का मिळाल्यासारखे वाटू लागले आहे. मुलगा नेमके काय खेळतो, त्या खेळाचे नियम काय आणि त्यात पैसा कोठून येऊन कोठे जातो, हे विचारण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः ज्या गावाला बाजाराचे नियम तोंडपाठ आहेत, त्याला हे प्रश्न अवघड जाऊ नयेत.

त्यातही सुपरहिरोंचे खेळ मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. अलौकिक शक्तीच्या महानायकाचे आकर्षण या भागाला परके नाही. धुळ्याहून तासाभराच्या वाटेवरील मालेगावात हौशी मंडळींनी तुटपुंज्या साधनांनी आपला स्वतःचा सुपरमॅन उभा केला, आणि त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी केलेला माहितीपट जगभर पाहिला गेला. ज्या समाजात कर्तृत्वाला वाव कमी, तिथे आकाशात उडणारा माणूस अधिक जवळचा वाटतो. खेळात तर तो केवळ पाहायचा नसतो, आपणच व्हायचा असतो.

या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक रचलेला खेळ म्हणून 'सिटी ऑफ हीरोज'चे नाव घ्यावे लागेल. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ संगणकावरचा आणि महिना पंधरा डॉलर वर्गणीचा होता. त्यामुळे धुळे-जळगावात तो कधी रुजला नाही. पण आज मोबाइलवर येणाऱ्या सुपरहिरो खेळांचा हिशेब समजून घ्यायचा, तर आधी हा जुना नमुना समोर ठेवलेला बरा. त्यात खेळाडू स्वतःचा नायक घडवी आणि सुरुवातीलाच त्याचा पेशा निवडी. अंगावर वार झेलणारा टँकर, दुरून मारा करणारा ब्लास्टर, जवळून झुंजणारा स्क्रॅपर, शत्रूला जखडून ठेवणारा कंट्रोलर आणि साथीदारांना सांभाळणारा डिफेंडर असे पाच पेशे प्रथम होते. एकट्याने सर्व काही करू पाहणारा मागे पडे आणि श्रमविभागणी मानणारा जथा पुढे जाई. ॲडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना वर्गात शिकवताना विद्यार्थी जांभया देतात. हेच तत्त्व येथे अर्ध्या तासात अंगी मुरते, कारण डिफेंडरवाचून गेलेला जथा पहिल्याच गल्लीत लोळण घेतो.

या खेळातील दोन नियम तर अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात घालावेत असे आहेत. नायकाच्या प्रत्येक शक्तीला अधिकाधिक सहा खाचा पाडता येत आणि त्या खाचांत तिचे बळ वाढवणाऱ्या वस्तू बसवता येत. आरंभी खेळाडू एकच युक्ती करीत : मारक शक्तीच्या जवळजवळ सर्व खाचांत माराच वाढवणारी वस्तू बसवायची. २००५ मध्ये रचनाकारांनी नियम बदलला. एकाच प्रकारच्या पहिल्या तीन वस्तूंचा लाभ जवळपास पूर्ण मिळू लागला; चौथीपासून तो झपाट्याने घसरू लागला. खेळाडूंचा केवढा संताप झाला! पण घटत्या सीमांत लाभाचा हा नियम एकदा पचनी पडल्यावर खेळ अधिक रंगतदार झाला, कारण आता निवड करणे भाग होते. तीन खाचा माऱ्याला, एक नेम चुकू नये म्हणून, एक दम वाचावा म्हणून आणि एक शक्ती पुन्हा लवकर हाती यावी म्हणून, अशी वाटणी जाणते खेळाडू नवख्यांना सांगू लागले. कपाशीच्या एकाच वाफ्यात युरियाची गोणी रिकामी करून दुप्पट बोंडांची वाट पाहणाऱ्यालाही हाच सल्ला द्यावा लागतो.

दुसरा नियम कर्जाचा. प्राथमिक पायऱ्या ओलांडलेला नायक पराभूत झाला की त्याच्या खात्यावर अनुभवाचे कर्ज चढे, आणि ते फिटेपर्यंत पुढील कमाईतील निम्मा वाटा परस्पर वळता होई. व्याज मात्र नव्हते. सावकाराच्या वहीत पिढ्या अडकलेल्या प्रदेशातील वाचकाला या उदार धनकोचे नवल वाटेल. निम्मी कमाई हाती राहत असल्याने ऋणको खेळातून उठत नसे, आणि निम्मी जात असल्याने तोच वेडा हल्ला पुन्हा करीत नसे. अशा वेळी एकट्याने ईर्षेला न पेटता जथ्यात सामील होऊन सोपी कामे उरकावीत, हा शहाणपणाचा मार्ग. वरच्या पायरीवरील नायक खालच्या पायरीवरील मित्राला तात्पुरता आपल्या जवळपासच्या बळावर आणून सोबत नेऊ शके, ही सोयही त्यात होती. शिकवणीच्या वर्गांना जे साधत नाही, ते या जोडीला साधे.

मे २००७ मध्ये या नगरीत लिलावाचा बाजार उघडला आणि खेळ खऱ्या अर्थाने अर्थशास्त्राचा झाला. तेथील नायकाचे चलन पैसा नव्हे, 'प्रभाव' होते. दुष्टांना लोळवावे आणि प्रभाव मिळवावा. पण नमवलेल्या प्रत्येक दुष्टामागे नवे चलन जन्मास येई आणि ते आवरायला रिझर्व्ह बँक नव्हती. अशा ठिकाणी भाव चढणारच. ते रोखण्यासाठी बाजार प्रत्येक विक्रीवर सुमारे दहा टक्के दलाली कापून घेई आणि ते चलन कोणाच्याही तिजोरीत न जाता नष्ट होई. तरीही दुर्मीळ वस्तूंचे भाव दोन अब्जांच्या मर्यादेला जाऊन भिडले. एका नायकाजवळ त्याहून अधिक प्रभाव ठेवताच येत नसल्याने काही सौदे बाजाराबाहेर, केवळ शब्दावर होऊ लागले. नियंत्रित भावाच्या काळात साखरेचे काय होत असे, ते ज्यांना आठवते त्यांना यात नवे काही दिसणार नाही.

या लिलावाची रीत मात्र अनुकरणीय होती. विकणाऱ्याने ठेवलेला किमान भाव गिऱ्हाइकाला दिसत नसे. पण त्या वस्तूच्या मागील पाच प्रत्यक्ष सौद्यांचे भाव सर्वांसमोर असत. किमान भाव कमी ठेवणाऱ्याचा माल आधी उठे आणि पैसे मात्र गिऱ्हाइकाने बोललेल्या बोलीप्रमाणे मिळत. म्हणून विकणाऱ्याने हाव न धरता किमान भाव खाली ठेवावा, घेणाऱ्याने पाच सौदे पाहून त्याखाली बोली लावावी आणि एक रात्र थांबावे, हे तेथील मुरलेल्या व्यापाऱ्यांचे सूत्र होते. उतावळ्याची घाई हाच धीराच्या माणसाचा नफा. जाहीर भाव एक आणि बांधावरचा भाव दुसरा, ही रावेर-यावलच्या केळी उत्पादकांची जुनी तक्रार आहे. झालेल्या सौद्यांचे भाव तेवढे उघडे ठेवले तरी व्यवहार किती स्वच्छ होतो, हे एका काल्पनिक नगरीने दाखवून दिले आणि आपल्याकडे त्यासाठी अजून निवेदने द्यावी लागतात!

अशा काल्पनिक जगांच्या अर्थकारणाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले नव्हते असे नाही. 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील वस्तूंना खऱ्या बाजारात मिळणाऱ्या किमतींवरून एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्येच हिशेब मांडला होता. त्या अस्तित्वात नसलेल्या देशाचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान भरले. म्हणजे खेळातील श्रमाला खरी किंमत आहे, हे बाजाराने मान्य केले होते. मग खेळ चालवणाऱ्यांनाही ती किंमत थेट आपल्याकडे वळवावीशी वाटली तर नवल नाही.

तसेच झाले. सप्टेंबर २०११ मध्ये 'सिटी ऑफ हीरोज'ने वर्गणीची सक्ती उठवून प्रवेश खुला केला आणि वस्तूंची विक्री वाढवली. २०१२ मध्ये बंद पाकिटे विकायला काढली. आत काय निघेल ते पाकीट फोडल्यावरच कळायचे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला कंपनीने ती नगरीच बंद केली, आणि आठ वर्षांत घडवलेले नायक एका रात्रीत नाहीसे झाले.

पाकिटाची कल्पना मात्र टिकली, आणि तीच आज खानदेशातील मोबाइलपर्यंत पोहोचली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला 'मार्व्हल कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स' हा खेळ फुकट उतरवून घेता येतो. त्यात नायक घडवायचे नसतात. ते 'क्रिस्टल' फोडून नशिबाने मिळवायचे असतात. क्रिस्टल कशाने मिळते? तुकड्यांनी किंवा युनिटांनी. युनिट कशाने मिळतात? खेळून थोडी, रुपये मोजून हवी तेवढी. रुपया आणि नायक यांच्यामध्ये ही दोन-तीन चलने उभी करण्याचा हेतू एकच : शेवटी किती रुपये गेले, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात राहू नये. त्यावर आणखी एक मखलाशी आहे. सुरुवातीला चार ताऱ्यांचा नायक श्रेष्ठ होता; मग पाच ताऱ्यांचा आला, पुढे सहा आणि २०२३ मध्ये सात ताऱ्यांचा. काल मिळवलेले बळ आज फिके पडते. ही शक्तीची चलनवाढ आहे, आणि ती आवरण्याऐवजी येथे छापखानाच अधिक वेगाने चालवला जातो. तेव्हा खेळायचेच असेल, तर पहिली युक्ती कागद-पेन्सिलीची : प्रत्येक चलनाचा रुपयातील भाव काढून ठेवावा. दुसरी, नव्या ताऱ्याच्या पहिल्या महिन्यात काही विकत घेऊ नये. तोच नायक पुढे तुकड्यांवर मिळण्याची वाट पाहावी. तिसरी गणिताची. हवा तो नायक शंभरात एकदा निघत असेल, तर शंभर क्रिस्टले फोडल्यावर तो मिळालाच असे बहुतेक मुलांना वाटते. प्रत्यक्षात शंभरानंतरही हात रिकामा राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते.

आता कायद्याकडे वळावे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास बंदी केली. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षाही त्यात आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ यांना त्याने मोकळीक, किंबहुना उत्तेजनच दिले. रमी आणि काल्पनिक क्रिकेट संघांच्या नादात संसार उधळलेल्यांची संख्या पाहता ही बंदी अवाजवी म्हणता येणार नाही. पण कायद्याची नजर जिंकलेल्या रकमेवर आहे. क्रिस्टलमधून रक्कम निघत नाही, नायक निघतो. पैसा फक्त एका दिशेने जातो. ज्यात पैसे परत मिळण्याची आशा आहे तो जुगार गुन्हा, आणि ज्यात ती आशाच नाही ती मुलांची करमणूक, असा हा विलक्षण न्याय झाला आहे.

आखाजीला खानदेशातील लेकी माहेरी येतात, झोके झाडांना बांधले जातात आणि पारावर पत्त्यांचे डाव रंगतात. त्या डावांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण तेथे पैसा चटईवर सर्वांसमोर असतो, पिसणारा हात दिसतो आणि हरलेला रुपया बहुधा गावातच राहतो. क्रिस्टलमध्ये यांपैकी काहीच नाही. पत्ते कोण पिसतो, किती पत्ते आहेत, हुकूम किती, काही कळत नाही.

ते कळावे एवढी मागणी तरी करता येईल. चीनने मे २०१७ पासून अशा पाकिटांतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी डिसेंबरात ॲपलनेही आपल्या दुकानापुरता तसा नियम केला. बेल्जियमने २०१८ मध्ये काही खेळांतील अशी पाकिटे सरळ जुगारात जमा केली. आपल्या कायद्यात या पाकिटाचा उल्लेखही नाही. जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती ज्या शुद्धतेवर उभी आहे, ती टंच विचारणाऱ्या गिऱ्हाइकांनी घडवलेली आहे. वजन, टंच, घडणावळ आणि मोड या चार गोष्टी विचारल्याशिवाय या भागातील आजीबाई नथसुद्धा घेत नाही, आणि जून २०२१ पासून सरकारनेही हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला आहे. तिचाच नातू मात्र टंच न विचारता क्रिस्टल घेतो आणि त्याची मोड शून्य आहे हे त्याला कोणी सांगत नाही. शक्यतेचा आकडा विक्रीच्या बटणाशेजारी, रुपयातील किमतीसह आणि मराठीत छापला जावा. आणि अल्पवयीनाच्या मोबाइलवरून होणाऱ्या खरेदीवर पालकाने ठरवलेली महिन्याची मर्यादा असावी. यात न परवडण्यासारखे काय आहे?

अशी बंधने घातली तर खेळ चालवणे परवडणार नाही, असे कंपन्यांच्या बाजूने सांगितले जाते. त्यांनी बंद पडलेल्या त्या नगरीकडे पुन्हा एकदा पाहावे. २०१९ मध्ये हौशी खेळाडूंनी ती 'होमकमिंग' या नावाने पुन्हा उभी केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवानाही दिला. तिचा खर्च खेळाडूंच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. बंद पाकिटे तेथेही मिळतात. मात्र ती दुष्टांना लोळवून मिळवलेल्या प्रभावावर घ्यावी लागतात, आणि त्यांच्यापायी बाजारातले जादा चलन तेवढे नष्ट होते.