ब्लड कॅन्सर, पण कोणता?

शिरूर अनंतपाळला माझं कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर सोयाबीन न्यायला आलेला शेतकरी आधी पिशवी उलटी करतो. वाण कोणतं, लॉट नंबर काय, मुदत कधीपर्यंत, सगळं बघतो. तरी भरवसा नसतो, म्हणून घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि सत्तर उगवले तरच पेरतो. हीच माणसं माझ्या आजारावर मोबाईलवर आलेलं काहीबाही मला बिनधास्त पाठवतात. त्याचं लेबल मात्र कुणी बघत नाही.

सहा वर्षांपूर्वी पोट डावीकडं जड लागायला लागलं. लातूरला रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी असाव्यात ४ ते ११ हजार, माझ्या निघाल्या १,८०,०००. डॉक्टरांनी मेहुण्याला बाजूला घेतलं. परतताना नळेगाव येईपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही.

"काय लपवायलाव माझ्यापासून?"

"काही नाही दाजी, रक्तात जरा इन्फेक्शन आहे."

रात्री बायकोच्या फोनवर त्याचाच मेसेज दिसला: ब्लड कॅन्सर. पुढं काही नाही. तेवढेच दोन शब्द मी शोधले. मराठीत निघाला गव्हांकुराचा रस, पपईचा पाला, गोमूत्र आणि खाली ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर. पोरीनं इंग्रजीत शोधलं. तिला कुठं तरी 'तीन ते पाच वर्षं' असं सापडलं. दोन दिवस ती माझ्या नजरेला नजर देईना.

आठवड्यानं फाईल माझ्या हातात आली आणि पूर्ण नाव कळलं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, सीएमएल. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार, तालुक्यात जोडीदार कुठून मिळणार? पण नाव हाती आलं आणि शोधायची दिशाच बदलली. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात आणि त्यातून पेशींना वाढत राहा असा हुकूम देणारं प्रथिन तयार होतं. हे बिघडलेलं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांना दिसलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव पडलं. ते प्रथिन रोखणाऱ्या इमॅटिनिब गोळीला मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पोरीला सापडलेला आकडा त्याआधीचा होता. आता नीट गोळी घेणारे बहुतेक रुग्ण जवळजवळ इतरांइतकंच जगतात. आकडा खोटा नव्हता, त्याची मुदत संपलेली होती.

ही गोळी मला परवडते, त्यात मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचा वाटा आहे. मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जायचा. तिच्या पेटंटला या संस्थेनं विरोध केला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं अपील फेटाळलं. भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला.

खोटं ओळखणं एक वेळ सोपं असतं, खरी गोष्ट अर्धीच हातात आली की जास्त घात होतो. उजेड गावी गांधीबाबांच्या यात्रेत एका पाहुण्यानं मोबाईल पुढं केला: "दाजी, ही गोळी बंद करता येती म्हणं!" बातमी खरी होती. पण ती ज्यांच्या तपासणीत वर्षानुवर्षं आजाराचा मागमूस जवळजवळ उरलेला नाही त्यांच्यासाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वरचेवर तपासणी करून. त्यातल्याही साधारण निम्म्यांचा आजार परततो. माझं बीसीआर-एबीएल, म्हणजे तपासणीत दिसणारा आजाराचा उरलेला अंश, तेव्हा एक टक्क्याच्या आसपास होतं; गोळी बंद करायला ते फारच जास्त. मी गोळी बंद केली असती तर? गोळीमुळं रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, सकाळी डोळे सुजायचे. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यानं निदानाच्या दिवशीच रुग्णाच्या हातात एक कागद द्यावा: आजाराचं पूर्ण नाव देवनागरीत, कोणती तपासणी कधी, आणि कागद कोणत्या तारखेला लिहिला. नातेवाइकाच्या कानात सांगून भागत नाही. 'त्यांना कळू देऊ नका' यामागं माया असते, मान्य आहे. पण शोधणारा शोधतोच, आणि नाव नसलं की दुसऱ्याच्या आजाराची माहिती आपली म्हणून वाचत बसतो.

गेल्या महिन्यात साकोळहून एका ताईंचा फोन आला. धाकट्या दिराला ब्लड कॅन्सर, लातूरला भरती केलंय.

"दादा, तुम्हाला गुण आलेल्या गोळीचं नाव सांगा."

"ताई, कोणता ब्लड कॅन्सर?"

"कोणता म्हंजी? रक्ताचा."

केसपेपरचा फोटो मागवला. निदानाच्या रकान्यात एएमएल लिहिलेलं, म्हणजे अ‍ॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया. आजार वेगळा, उपचारही वेगळे. माझी गोळी त्याच्या कामाची नाही म्हटल्यावर पलीकडून आवाजच येईना. मग मी तीन अक्षरं हळूहळू सांगितली आणि त्यांनी बहुतेक हातावरच लिहून घेतली, कारण मध्येच म्हणाल्या, "थांबा दादा, पेन उठेना."