दुसऱ्यांच्या कोडवर उभं अ‍ॅप

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २०१७ साली सुरू झाली. तिच्या अंतिम फेरीत सॉफ्टवेअरच्या संघांना सलग ३६ तास मिळतात. एवढ्या वेळात लॉगिन, नकाशे, आलेख, पैसे भरण्याची सोय हे सगळं शून्यापासून कुणी लिहीत नाही, लिहूही नये. रिअ‍ॅक्टसारखी लायब्ररी आणि इतरांनी घडवलेली छोटी-मोठी पॅकेजेस जोडून संघ आपल्या मूळ कल्पनेकडे वळतात. ही पळवाट आहे असं आम्हाला वाटत नाही. नेमका घटक निवडणं हेही कौशल्यच आहे.

मात्र एका पॅकेजमागोमाग कितीतरी अनोळखी पॅकेजेस प्रकल्पात शिरतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा लॉगिंग लायब्ररीतल्या सुरक्षा-त्रुटीने सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडवली. स्पर्धेतलं अ‍ॅप पुढे खरोखर लोकांच्या वापरात यावं, अशी आपल्या विद्यार्थ्यांची इच्छा असते. तसं झालं तर हे धोकेही सोबत येतात, म्हणूनच हा विषय आम्ही आत्ता घेतला.

या अंकात बक्षिसांपेक्षा घटकांच्या निवडीबद्दल अधिक वाचायला मिळेल. परवाना कोणता, शेवटची दुरुस्ती कधी झाली, सांभाळणारा एकटाच आहे का? परीक्षकांनीही हे विचारलंच पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमच्या संघाने कोणता घटक घेतला, कोणता नाकारला आणि का, हे आम्हाला जरूर लिहून कळवा.